पहिला नंबर मानाचा

त्र्यंबक हेर्लेकरांनी दिवाणखान्यातला सोफा उचलून गच्चीवरच्या पत्र्याखाली टाकला, तेव्हाच त्यांच्या बायकोनं, वर्षाराणीनं, ओळखलं, की रिटायर माणूस घरात बसला की घर उठतं. सोफ्याच्या जागी टेबल आलं. टेबलावर कॉम्प्युटर आला, त्याला हळदकुंकू लागलं, आणि राजारामपुरीतल्या त्या घराच्या दारावर बोर्ड चढला : 'हेर्लेकर प्रवेश मार्गदर्शन केंद्र. संचालक : त्र्यंबक हेर्लेकर, प्रमाणित करिअर समुपदेशक.' यातलं 'प्रमाणित' अगदी खोटं नव्हतं. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स त्यांनी केला होता. दुसऱ्या दिवशी लाइट गेली नसती तर तो पुरासुद्धा झाला असता, पण प्रमाणपत्र काही लाइटीवर अवलंबून नव्हतं, ते आदल्या दिवशीच आलं होतं.

अनुभव मात्र अस्सल. एकतीस वर्षं हेर्लेकर एका आर्ट्स कॉलेजच्या प्रवेश खिडकीमागं बसले होते. शेवटची आठ वर्षं तर कार्यालय अधीक्षक म्हणून, म्हणजे खिडकीमागच्या माणसाच्याही मागं. त्या एकतीस वर्षांत त्यांनी आयुष्याचं एक तत्त्व शोधून काढलं होतं. कॉलेजात विषयांचा पसंतीक्रम लिहायचा कागदी फॉर्म असे. पोरगं फॉर्म भरत असताना शेजारी प्राचार्य उभे असले, की ते बिचारं मान म्हणून पहिल्या नंबरला प्राचार्यांचं तर्कशास्त्र लिही. प्राचार्य खूश होऊन पुढं गेले, की हेर्लेकर चष्म्याच्या वरून पोराकडं बघत आणि हळूच विचारत, "खरं कुठला पाहिजे?" पोरगं म्हणे, "इतिहास." हेर्लेकर इतिहासाला घालत. एकतीस वर्षांत तर्कशास्त्राला चुकूनसुद्धा कुणी गेलं नाही आणि प्राचार्यांचा मान एकदाही चुकला नाही. म्हणून हेर्लेकर म्हणत, "पहिला नंबर मानाचा, बाकीचे कामाचे."

हे तत्त्व पुढं घरात घुसणार आहे, एवढं ध्यानात ठेवा.

केंद्राच्या उद्घाटनाला आबासाहेब आले होते. आबासाहेब म्हणजे हेर्लेकरांच्या जुन्या कॉलेजचे विश्वस्त. हेर्लेकर रिटायर झाले तेव्हा ह्यांनीच त्यांच्या डोक्याला फेटा बांधला होता. शिवाय गगनबावड्याच्या रस्त्याला त्यांचं स्वतःचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं, 'ज्ञानतुरा अभियांत्रिकी महाविद्यालय'. इमारत देखणी, कमान त्याहून देखणी. पावसाळ्यात कमानीपासून इमारतीपर्यंत पोरं चपला हातात घेऊन जात, ती गोष्ट वेगळी. आबासाहेबांनी फीत कापली, पेढा अर्धा खाल्ला, आणि सोफा नसल्यामुळं स्टुलावर बसत म्हणाले, "हेर्लेकर, केंद्र झकास काढलासा. आता पयला फॉर्म घरचाच भरा. आन् पोरीच्या फॉर्मात आमच्या कॉलेजला विसरू नका, काय?"

"छे छे! कसं विसरीन?" हेर्लेकर म्हणाले, आणि तिथंच माती खाल्ली.

कारण पोरगी म्हणजे ऋता. एकुलती एक. सीईटीला तिला ९८.६ पर्सेंटाइल पडले होते. गल्लीत एवढे आजवर कुणाला पडले नव्हते. गल्लीत तोवर पर्सेंटाइल म्हणजे टक्केच असा समज होता. पोरीला पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायचं होतं. दोन वर्षं ती पहाटे उठून घोकत होती ती त्या एका नावासाठी. भिंतीवर त्या कॉलेजच्या दगडी इमारतीचा फोटो चिकटवला होता, आणि हॉस्टेलला न्यायची बादलीसुद्धा आणून ठेवली होती, निळी, झाकणाची.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा खेळ साधा आहे. कॉलेजांची नावं आवडीच्या क्रमानं ऑनलाइन भरायची. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि तुमच्या मार्कांत बसणारं पहिलं कॉलेज तुमच्या पदरात टाकतो. आणि पहिल्या फेरीत तुम्हाला पहिल्याच नंबरचं कॉलेज मिळालं, तर ते कायमचं. पुढच्या फेऱ्या बंद. हा नियम हेर्लेकरांनी माहितीपुस्तकात वाचला होता, इतकंच नव्हे तर तांबड्या पेन्सिलीनं त्याच्याखाली रेघसुद्धा ओढली होती. नियमाखाली रेघ ओढली की तो आपल्याला लागू नसतो, अशी सरकारी माणसाची एक श्रद्धा असते.

फॉर्म भरायच्या दिवशी शेजारचे पार्श्वनाथ अण्णा हजर होते. अण्णांचं जयसिंगपूरला बियाण्यांचं दुकान, पण ते पोरानं सांभाळायला घेतल्यापासून अण्णा सल्ल्याच्या धंद्यात होते. हेर्लेकर एका बोटानं 'ज्ञानतुरा' टाइप करताना बघून अण्णा म्हणाले, "हे काय ओ? पयल्या नंबरला?"

"मान आहे तो, अण्णा."

"मग शेवटाला टाका की! आबासाहेब काय फॉर्म बघाय येत्यात व्हय?"

"यादी कॉलेजात जाते. कुणी कितवी पसंती दिली ते तिथं दिसतं. आणि काय हो, लग्नपत्रिकेत आबासाहेबांचं नाव तुम्ही शेवटी घालाल? 'कृपया आहेर आणू नये'च्या खाली?"

ह्यावर अण्णा गप्प झाले. पत्रिकेचा मुद्दा कोल्हापुरात कुणालाही गप्प करतो. एका पत्रिकेत मामाचं नाव आत्याच्या नवऱ्याच्या खाली गेलं म्हणून अण्णांच्या स्वतःच्या घरात बारा वर्षं बोलणं बंद होतं.

ऋता मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "बाबा, पण लागलं तर?"

"लागत नाही गं."

"का लागणार नाही? ज्ञानतुराला साठ पर्सेंटाइलवाला जातो. मला तर आधी लागेल!"

"तेच म्हणतो मी," हेर्लेकर शांतपणे म्हणाले. "साठवाल्याच्या जागेवर अठ्ठ्याण्णववालीला कोण बसवील? कॉम्प्युटर मार्क बघतो की. त्याला कळतं, हे मानाचं आहे म्हणून. लग्नाची पहिली पत्रिका आपण अंबाबाईला देतो. म्हणून अंबाबाई येऊन पंगतीत बसते काय?"

"अंबाबाई येत नाही बाबा. कॉम्प्युटर येतो."

स्वयंपाकघरातून वर्षाराणी ओरडली, "अहो, पोरगी सांगत्येय ते ऐका जरा! तिचा फॉर्म आहे!"

बाप एकीकडं आणि अख्खं घर दुसरीकडं असा प्रसंग आला, की हेर्लेकर ऑफिसात जे म्हणत तेच म्हणाले, "बरं. बघतो." एकतीस वर्षं ज्यांना ज्यांना त्यांनी 'बघतो' म्हटलं, त्यांतले अर्धे अजून वाट बघत असतील. पण ऋताला वाटलं, बाबा बदलणार. ती निर्धास्त मनानं लायब्ररीची पुस्तकं परत द्यायला गेली. ओटीपी हेर्लेकरांच्या मोबाइलवर आला. त्यांनी देवापुढं नारळ फोडला, ओटीपी घातला, फॉर्म लॉक केला आणि प्रिंट काढून तिच्यावर 'मूळ प्रत' असा शिक्का मारला. शिक्का ऑफिसातून येताना चुकून बरोबर आला होता.

निकालाच्या दिवशी दोन किलो पेढे, इस्त्रीचा शर्ट, अण्णा आणि अण्णांच्या रत्नाबाई, असा सगळा सरंजाम टेबलाभोवती जमला. पान उघडलं. ऋतानं वाचलं. मग परत वाचलं. शेवटी अण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं : "ज्ञानतुरा अभियांत्रिकी महाविद्यालय. संगणक शाखा. पसंती क्रमांक एक." आणि चष्मा काढून म्हणाले, "अंबाबाई पंगतीला आली की ओ!"

रत्नाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. ऋतानं बापाकडं बघितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, जिना चढून गच्चीवर गेली आणि पत्र्याखालच्या त्या सोफ्यावर जाऊन बसली. वरून पाऊस धो धो. हेर्लेकर मागोमाग छत्री घेऊन गेले, तर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बघतो म्हणाला होता." एवढं लागलं त्यांना, की छत्री तिथंच ठेवून भिजत खाली आले.

वर्षाराणीनं पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि कामवाल्या चिमणाबाईंच्या हातात दिला, अख्खा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेर्लेकर सुविधा केंद्रावर पोचले. सुविधा केंद्र म्हणजे जिथं तुमची सुविधा होणार नाही हे अधिकृतपणे सांगितलं जातं ती जागा. खिडकीमागं एक तरुण बसला होता. हेर्लेकरांनी त्याच्यापुढं व्यवस्थित अर्ज ठेवला : 'विषय : मान म्हणून दिलेला पहिला पसंतीक्रम प्रत्यक्ष पसंती न समजणेबाबत.' तरुणानं तो दोनदा वाचला.

"काका, हे नियमात बसत नाही."

हे वाक्य हेर्लेकरांनी जन्मभर खिडकीच्या आतून म्हटलं होतं. बाहेरून ते कसं ऐकू येतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. अगदी वाईट ऐकू येतं.

"अहो, पण ही जागा दिली कुणी?"

"सिस्टिमनं."

"मग सिस्टिमचे साहेब कुठं बसतात?"

"मुंबईत. पण तेसुद्धा सिस्टिमलाच विचारतात."

"त्यांना सांगा की, पहिला मानाचा होता! दुसरा खरा होता! एखादा शहाणा क्लार्क असता तर त्यानं विचारलं असतं, 'खरं कुठलं पाहिजे?'"

"काका," तरुण खरंच कळवळून म्हणाला, "तेच तर फॉर्मात विचारलंय." आणि मागचा पालक पुढं सरकला.

इथवर गोष्ट दुःखाची होती. तिला पुढं यश आलं, हे त्याहून वाईट.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला, पंधरा बाय दहाचा. मधोमध ऋता. फोटो नववीच्या गॅदरिंगमधला, शेतकरणीच्या वेशातला. डोक्यावरचा पदर कॉम्प्युटरनं खोडून त्या जागी फेटा चढवलेला. वर मजकूर : '९८.६ पर्सेंटाइल आणि पहिली पसंती फक्त ज्ञानतुरा!' खाली : 'सुप्रसिद्ध प्रवेश समुपदेशक त्र्यंबकराव हेर्लेकर यांनी स्वतःच्या कन्येसाठी निवडलेले महाविद्यालय.' एका कोपऱ्यात आबासाहेब हात जोडून, आणि दुसऱ्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून गल्लीतली अठरा मुंडकी. त्यांत पार्श्वनाथ अण्णासुद्धा होते. "मला न इचारताच घातलं ओ," अण्णा म्हणाले, पण दिवसातून तीनदा फ्लेक्सखालून फिरून येत होते.

आणि माणसं येऊ लागली. शिरोली एमआयडीसीतले कामगार, कागलचे मास्तर, कोण कोण. सगळ्यांचा हिशेब एकच : "सोताच्या लेकीला तिथं घातलंय म्हंजे कायतरी बघूनच घातलं आसंल की!" हेर्लेकरांनी पहिल्या माणसाला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्यासारका मार्गदर्शक न्हाय बघा कोल्हापुरात." हेर्लेकरांनी तोंड मिटलं. मग आबासाहेबांचा माणूस एक ओळखपत्र घेऊन आला : 'मानद प्रवेश सल्लागार, ज्ञानतुरा.' पगार किती, असं वर्षाराणीनं विचारलं. मानद म्हणजे पगार नसतो, असं हेर्लेकरांनी सांगितलं. "म्हणजे पोरगी गेली आणि वर फुकट राबायचं," ती म्हणाली. ओळखपत्राला निळी दोरी होती. हेर्लेकर ते गळ्यात घालून आरशासमोर उभे राहिले. मग बादलीचा रंगही निळाच आहे हे आठवलं, आणि काढून खिशात ठेवलं. पण फेकलं नाही.

दुसऱ्या फेरीचे फॉर्म सुरू झाले, तेव्हा ऋता गच्चीवरून खाली उतरली. बापाशी बोलणं बंदच. खुर्ची ओढली, की-बोर्ड आपल्याकडं घेतला आणि आईला उद्देशून म्हणाली, "आई, ह्यांना सांग, टायपिंग मी करणार. नाहीतर अजून कुणाची तरी पोरगी जाईल." फॉर्म भरताना ती एकच प्रश्न विचारायची, तोही बापाला नाही आणि पालकाला नाही, तर शेजारी बसलेल्या पोराला नाहीतर पोरीला : "हे लागलं तर जाशील?" 'नाही' म्हटलं, की नाव खोडलं. 'बाबा म्हणतात म्हणून' म्हटलं, की तेही खोडलं. दोन दिवसांत गर्दी टेबलाच्या तिच्या बाजूला सरकली. संचालक, प्रमाणित करिअर समुपदेशक, पाण्याचे पेले भरून देऊ लागले.

तिसऱ्या दिवशी दारात पांढरी गाडी थांबली. आबासाहेब! बरोबर नातू, राजवीर. पोरगा उंच, लाजरा, ९४ पर्सेंटाइलचा. त्याला पहिल्या फेरीत काहीच लागलं नव्हतं.

"हेर्लेकर," आबासाहेब स्टुलावर बसत म्हणाले, "आमच्या भाद्दरानं पयल्या फेरीत निस्ती पाचच नावं भरली. आता तुमच्या हातानं भरा. तुमच्या हाताला यश हाय!"

हेर्लेकर धावले. पाणी, चहा, पंखा पाचवर. ऋतानं शांतपणे स्क्रीन उघडली. "पहिला नंबर कुठला, काका?"

"पुणे," आबासाहेब म्हणाले.

"दुसरा?"

"पुणेच. दुसरं जे काय आसंल ते."

राजवीर हळू आवाजात नावं सांगत गेला. ऋता प्रत्येकाला विचारत गेली, "लागलं तर जाशील?" आणि तो मान हलवत गेला. पुणे झालं, मुंबई झाली, सांगलीसुद्धा झाली. चौतीस नावं झाली. हेर्लेकर मागं उभे राहून मोजत होते. हे एक नाव कसं काय राहिलं? शेवटी न राहवून ते म्हणाले, "आबासाहेब, आपलं ज्ञानतुरा राहिलं वाटतं."

"आमचं कशाला?"

ऋताचा हात की-बोर्डवर थांबला. ती गोड आवाजात म्हणाली, "घालू या की, काका. पहिला नको. पस्तिसावा. मान म्हणून."

आबासाहेब स्टुलावरून अर्धे उठले. "नको, नको, पोरी! काय तरी बोलतीस! लागलं तर?"

राजवीर खाली बघत बसला. आबासाहेबांच्याही काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण ते चहा न पिताच उठले. जाता जाता त्यांनी हेर्लेकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "मान भायेरच्यांनी द्यायचा आसतोय, हेर्लेकर. घरच्यांनी न्हवं." हेर्लेकर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, दार उघडून धरलं, सवयीनं वाकलेसुद्धा. गाडी फ्लेक्सखालून वळून गेली. वरती ऋता नसलेला फेटा घालून हसत होती.

त्या दिवशी केंद्र दुपारीच बंद झालं. हेर्लेकर टेबलाशी बसले. माफी मागायची होती, एवढं त्यांना कळत होतं. पण ती तोंडानं कशी मागतात, हे एकतीस वर्षांत कधी कामात आलं नव्हतं. शेवटी त्यांनी फुलस्केप घेतला, डावीकडं समास सोडला, आणि अर्ध्या तासानं तो कागद गच्चीवर सोफ्याच्या हातावर नेऊन ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. ऋतानं तो वाचला.

'प्रति, कु. ऋता त्र्यंबक हेर्लेकर यांसी. विषय : अर्जदाराकडून घडलेल्या चुकीबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, आपण दोन वर्षे केलेला अभ्यास मी एका मिनिटात दुसऱ्याच्या मानासाठी खर्च केला. आपण विचारले होते, लागलं तर? त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी बघतो म्हणालो आणि बघितले नाही. तरी माफी मिळावी. सोबत : १) मानद सल्लागाराचे ओळखपत्र, परत करण्यासाठी. २) केंद्राच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड. ३) फ्लेक्स अण्णांच्या मदतीने आज उतरवीत आहे. आपला विश्वासू, त्र्यंबक हेर्लेकर (बाबा).'

ऋतानं तो एकदा वाचला, मग परत एकदा. 'बाबा' वरती पेनाची शाई जरा पसरली होती. पत्रा गळत होता म्हणावं तर तो तिथं गळत नव्हता. तिनं नाक ओढलं आणि हात पुढं केला. हेर्लेकरांनी लगबगीनं खिशातलं तांबडं पेन दिलं. समासात, अधीक्षक शेरा मारतात तिथंच, तिनं लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात ठेवून खाली निघून गेली. ज्ञानतुराची बस सोमवारी सकाळी साडेसातला कोपऱ्यावर येणार होती, आणि त्या निळ्या बादलीतली पुस्तकं काढून सॅकमध्ये भरायची होती.

हेर्लेकरांनी चष्मा पुसून शेरा वाचला.

'पहिल्या फेरीत नामंजूर. दुसऱ्या फेरीत पुन्हा अर्ज करावा. तोंडी.'